‘मशीन बंद करा’ एवढेच सांगून मी चुकले

औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेला प्रवेश कसा मिळतो, पात्रता काय लागते, अनुभव किती वर्षांचा हवा, हे सुरक्षा अधिकारी होऊ पाहणाऱ्या तुम्हाला ठाऊक असणारच, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मला लिहायचे आहे ते एका शब्दाबद्दल. त्या शब्दापायी माझ्या देखरेखीखालच्या एका कामगाराची दोन बोटे गेली, आणि प्रशिक्षणाच्या नोंदवहीत त्याच आठवड्याच्या पानावर त्याची सही होती.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा ती वर्षभराची पदविका दुसऱ्या प्रयत्नात कशीबशी पदरात पडली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमातली कलमे मात्र तोंडपाठ होती. कलम २१ यंत्रांच्या फिरत्या भागांना आडोसा घालण्याचे, कलम २२ चालू यंत्राजवळच्या कामाचे, कलम ४५ प्रथमोपचाराचे, ज्यात दीडशे कामगारांमागे किमान एक पेटी ठेवायला सांगितले होते. पाळी सुरू होण्याआधी माग खात्याच्या दारात वीसेक कामगार उभे करून मी दहा मिनिटे बोलत असे, आणि शेवटी न चुकता सांगत असे, ‘साफसफाई करताना आधी मशीन बंद करा.’ सगळ्यांच्या माना डोलत, सह्या होत, आणि आपण आपले कर्तव्य केले या समाधानात मी कार्यालयात परतत असे.

सातव्या महिन्यात, एप्रिलच्या एका दुपारी, लाईट गेली. माग थांबले, पंखे थांबले आणि खात्यात एकाएकी शांतता पसरली. अशा वेळी बसून राहण्यापेक्षा हातासरशी मागात साचलेले तूस, म्हणजे सुताचे बारीक तंतू, काढून घ्यावे, ही इथल्या कामगारांची जुनी आणि एरवी कौतुक करावी अशी सवय आहे. ज्याची बोटे गेली, त्या कामगारानेही तेच केले. गिअरवरची जाळी काढून बाजूला ठेवली आणि हात आत घातला. मागाचे हँडल मात्र चालूच्या जागेवर राहिले होते. चार-पाच मिनिटांनी लाईट आली.

चौकशीत त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, मशीन बंदच होती की.’ तो खोटे बोलत नव्हता, आणि हे समजायला मला फार दिवस लागले.

‘बंद’ या शब्दाचे खात्यात निदान तीन अर्थ आहेत. लाईट गेली की यंत्र बंद. बटण दाबले की यंत्र बंद. आणि फिरणारा प्रत्येक भाग थांबला, शिवाय तो पुन्हा सुरू करणे साफसफाई करणाऱ्याखेरीज कोणाच्याही हातात उरले नाही, की यंत्र बंद. पुस्तकात तिसरा अर्थ असतो, कामगाराच्या तोंडी पहिले दोन असतात, आणि माझ्यासारखी नवखी माणसे एकच शब्द वापरून दोघांचे एकमत झाले असे समजतात. पहिल्या अर्थातला धोका वर आलाच. खरे तर मोटारीच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल शाबूत असेल, तर लाईट गेल्यावर संपर्क सुटतो आणि लाईट आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटार फिरत नाही. पण सारखे बटण दाबायचा कंटाळा म्हणून किंवा कॉइल जळाली म्हणून तिथे साधा स्विच लावून टाकलेला असतो, आणि मग लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. त्या मागावर तेच झाले होते. मी रोज त्या स्टार्टरच्या शेजारून जात होते आणि त्याचे झाकण एकदाही उघडून पाहिले नव्हते.

दुसऱ्या अर्थाचा धोका डाईंग खात्यात, हायड्रोपाशी असतो. ओले टॉवेल पिळणारा तो ड्रम बटण दाबल्यावरही स्वतःच्या वेगाने बराच वेळ फिरत राहतो, त्याचा आवाज उतरलेला असतो, वरवर पाहणाऱ्याला तो जवळजवळ थांबल्यासारखा वाटतो, आणि माल लवकर काढायच्या घाईत हात आत जातो. ओल्या कापडाचा एक पदर मनगटाला गुंडाळला गेला, तर हात मागे घ्यायला सवड मिळत नाही. ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडणारच नाही, अशी इंटरलॉकची सोय ह्याचसाठी असते. ती चालते की तार जोडून निकामी केली आहे, हे पहिल्या दिवशी स्वतः पाहा, कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका.

मला हे शिकवले ते कोणत्याही वर्गातल्या सरांनी नाही, तर मागांची जुळणी-दुरुस्ती पाहणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या जॉबर अण्णांनी. अपघातानंतर ते म्हणाले, ‘तुम्ही बंद करा म्हणता, थांबली का बघा असं म्हणत नाही.’ सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या कामगारांसाठी त्यांनी मला एकच शब्द दिला, ‘आगिंदा?’, म्हणजे थांबलं का? सुरक्षा अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांची भाषा येत असावी, अशी अट नियमांतच आहे. अर्ज भरताना मी ती वाचून सोडून दिली होती. माझे स्पष्ट मत आहे की या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने भारी शुल्क घेणारा मार्गदर्शक शोधण्याऐवजी पंधरा दिवस एखाद्या जॉबरच्या मागे फिरावे. सगळेच जॉबर असे असतात असे नाही, काही जण आडोसे काढून टाकण्यातच तरबेज असतात, पण तेही पाहण्यासारखेच असते.

आता मी खात्याच्या दारात भाषण देत नाही. चालू मागांच्या आवाजात हाताच्या अंतरावरच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते, तिथे दिलेले प्रशिक्षण म्हणजे निव्वळ ओठांची हालचाल. (आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरतात. माग खात्यात ती सहज ओलांडली जाते, म्हणून कानाचे प्लग वाटून सोडून देऊ नका, ते कसे घालायचे हेही करून दाखवा.) मी दोन-तीन कामगारांना एका थांबवलेल्या मागापाशी नेते, मुख्य स्विच पाडायला लावते, त्याला कुलूप घालायला लावते, किल्ली साफसफाई करणाऱ्याच्याच खिशात ठेवायला सांगते, आणि मग त्यालाच बटण दाबून माग सुरू होत नाही ना, हे तपासायला लावते. त्याने हे मला करून दाखवल्याखेरीज सही घेत नाही. याला वेळ लागतो, मालक कुरकुर करतात, आणि पहिले काही आठवडे आपण मूर्ख आहोत असे वाटत राहते. ते वाटू द्या, ते जाते.

मालकांशी बोलताना कलमांची भीती घालू नका. सोलापुरातले अनेक यंत्रमाग घराला लागून असलेल्या शेडमध्ये चालतात आणि मालक स्वतःच मागावर उभा असतो. त्याला दंडाच्या रकमेपेक्षा स्वतःचा हात अधिक जवळचा वाटतो. स्टार्टर उघडून त्याला कॉइल दाखवा. कायद्याचे म्हणाल, तर व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० ही कारखाने अधिनियमाच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पूर्वी सर्वसाधारणपणे हजार कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी लागे, आता तो पाचशेंवर आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर अडीचशेंवर लागतो, त्यामुळे जागा वाढतील, ही आशा ठेवायला हरकत नाही. मात्र विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी कामगारांची संख्या दहावरून वीस झाली आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी शेड त्या आकड्याच्या आतच राहतात. तिथे तपासायला कोणी येणार नाही, हे गृहीत धरूनच शिकवा.

तीन दिवसांत सुरक्षा अधिकारी बनवणाऱ्या प्रमाणपत्रांवर आणि विकत मिळणाऱ्या तयार धोका-मूल्यांकनांवर पैसे घालवू नका. एका मुलाखतीला असे मूल्यांकन घेऊन एक उमेदवार आला होता. त्यात टॉवेल कारखान्याच्या नावाखाली क्रेनचे धोके लिहिलेले होते आणि हायड्रोचा उल्लेखही नव्हता.

पदविकेत एखादा विषय राहिला, तर खचू नका, माझाही राहिला होता. जॉबरच्या मागे फिरण्यासाठी जमल्यास मार्च-एप्रिलमधली दुपारची पाळी मागून घ्या. उन्हामुळे खाते तापलेले असते, लाईट जाण्या-येण्याचे प्रमाण वाढलेले असते, आणि लाईट गेली की कोणाचे हात कुठे जातात, ते तुम्हाला तिथे उभे राहून पाहता येईल.