एकाच नावावर दोन सर्व्हर: राउंड रॉबिन डीएनएस लावताना

मुलांचा निकाल लागला की आमच्या साइटचा एकुलता एक सर्व्हर दहा मिनिटांत मान टाकायचा. लोड बॅलन्सरला (येणारे लोक सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्रणेला) पैसे नव्हते, म्हणून मी राउंड रॉबिन लावलं: डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था, एकाच नावाचे दोन पत्ते क्रम फिरवत देते. युक्ती जुनी आहे, १९९५ च्या आरएफसी १७९४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तिची चर्चा आहे.

डीएनएसला हात लावण्याआधी दोन्ही सर्व्हर सारखे करा. सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे याची नोंद, सर्व्हरवरच्या फायलींत ठेवू नका, दोघांना मिळून एक रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) द्या. नाहीतर माणूस एकीकडे लॉगिन करतो आणि दुसरीकडे परका ठरतो. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट दोन्हींवर लागतं. ते फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची, नाव आपलंच आहे ना हे बघणारी फाइलवाली तपासणी नेमकी दुसऱ्याच सर्व्हरवर जाऊन अडकते, म्हणून मी डीएनएसवाली वापरते.

मग डीएनएसच्या पॅनेलमध्ये एकाच नावाचे दोन ए रेकॉर्ड (नावाचा आयपी पत्ता सांगणाऱ्या नोंदी) टाका. समजा, १९२.०.२.१० आणि १९२.०.२.११. दोन्हींचा टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो काळ, सारखाच हवा. मी ३०० सेकंद ठेवते. आधीचा टीटीएल ८६४०० असेल, तर तो आदल्या दिवशीच खाली आणा.

आता हे रेकॉर्ड ज्याच्यावर आहेत त्या तुमच्या नेमसर्व्हरलाच डिगने (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) पाच-सहा वेळा विचारा. पत्त्यांचा क्रम बदलताना दिसला पाहिजे. नेमसर्व्हर बाइंड या सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर तो ‘आरआरसेट-ऑर्डर’ने ठरतो, फिरता हवा असेल तर ‘सायक्लिक’ लिहा. वाटणी मात्र निम्मी-निम्मी होईलच असं नाही. मोठ्या कंपनीचा रिझॉल्व्हर (लोकांच्या वतीने डीएनएसला विचारणारा सर्व्हर) एक उत्तर कॅशमध्ये धरतो आणि हजारो लोकांना तेच वाटतो. दोन्हीकडचे ॲक्सेस लॉग मोजा, म्हणजे खरा आकडा कळेल.

सगळ्यात जपायचं ते पुढे. एकदा दुसऱ्या सर्व्हरचा डेटाबेसशी संपर्क तुटला. त्यावरचं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर एनजिनएक्स जिवंत होतं, त्यामुळे तो प्रत्येकाला ५०० ची एरर देत राहिला. पोर्ट बंद असतं तर ब्राउझर बहुतेक वेळा दुसरा पत्ता करून बघतो; इथे कनेक्शन नीट लागत होतं, मग तो कशाला बघेल? निम्मी मुलं निकालाविना बसली, आणि माझ्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं, कारण मला पहिला सर्व्हर मिळत होता.

तेव्हापासून तिसऱ्या मशीनवर दर मिनिटाला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) चालतो. तो डेटाबेसला प्रत्यक्ष विचारणारं एक पान दोन्ही पत्त्यांवर स्वतंत्रपणे उघडतो. सलग तीनदा चुकलं, तर डीएनएस पुरवणाऱ्याच्या एपीआयने, म्हणजे पॅनेल न उघडता थेट प्रोग्राममधून, तो रेकॉर्ड काढतो. तरी टीटीएलची पाच मिनिटं जातातच, काही रिझॉल्व्हर त्याहून जास्त अडून राहतात. आणि दोन्ही पत्ते एकदम बंद दिसले, तर स्क्रिप्टने एकही रेकॉर्ड काढायचा नाही. अशा वेळी बहुधा तपासणाऱ्या मशीनचंच नेट गेलेलं असतं.