काउंटर अटॅकवर खेळणाऱ्या संघासमोर फॉर्मेशन कसं निवडावं?

सांगली-मिरजेकडे मॅच ठरली की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, फोर-थ्री-थ्री लावायचं का फोर-फोर-टू?" म्हणजे मागून पुढं किती बॅक, किती हाफ (मधल्या फळीतले), किती फॉरवर्ड. समोरचा संघ काउंटरवर, म्हणजे मागं थांबून आपला बॉल गेला की झटकन उलटा हल्ला करत, खेळणारा असेल तर मी उलट विचारतो, "आपला बॉल गेला, त्या क्षणी मागं कोण कोण असेल?" याचं उत्तर सापडलं की आकडा आपोआप ठरतो.

पैलवानांच्या या जिल्ह्यात हे समजावणं सोपं जातं. काही मल्ल स्वतः घाई करत नाहीत, तुम्ही पटात शिरायची वाट बघतात. तुमचा तोल पुढं गेला की त्यांचा डाव सुरू होतो. काउंटरवाला संघ तसाच खेळतो. लिस्टर सिटीनं २०१५-१६ ची प्रीमियर लीग ४-४-२ लावून जिंकली, त्यात जेमी वार्डीचे २४ गोल होते. बॉल जास्त वेळ स्वतःकडं ठेवायची त्यांना गरजच पडली नाही. तेव्हा मागं बसणारा संघ दुबळा आहे असं समजून उतरू नका.

आधी त्यांची एक मॅच बघा. बॉल मिळाल्यावर त्यांचा पहिला पास कुणाकडं जातो, एवढंच वहीत टिपा. बहुतेक वेळा तेच एक-दोन चेहरे दिसतात. एखादा उंच फॉरवर्ड पाठीवर माणूस घेऊन बॉल धरतो, नाहीतर विंगवरचा चपळ पोरगा आपल्या वर गेलेल्या कडेच्या बॅकच्या मागं पळतो. फॉर्मेशन या दोघांना बघून निवडायचं.

मग मागची माणसं मोजा. त्यांचे जेवढे फॉरवर्ड वर थांबतात, त्यांच्यापेक्षा आपला एक जास्त मागं हवा. शिवाय या मागच्यांच्या पुढं, सुटलेला बॉल उचलायला दोघे. दोन फॉरवर्डविरुद्ध हे गणित तीन अधिक दोन होतं. पाच मागं, पाच हल्ल्यात.

४-३-३ मध्ये हे जमवायचं तर एका वेळी कडेचा एकच बॅक वर जाईल. दुसरा स्टॉपरांच्या (मधल्या दोन बॅकच्या) जोडीला थांबेल, आणि बचावात्मक हाफसोबत आणखी एक हाफ मागं राहील. ३-५-२ कागदावर भक्कम दिसतं, पण दोन्ही कडांचे खेळाडू वर गेले की त्यांच्या मागची जागा मोकळी पडते. समोर वेगवान विंगर असेल तर तो आपल्या स्टॉपरला थेट टचलाइनपर्यंत, म्हणजे कडेच्या रेषेपर्यंत, ओढत नेतो. सरळ रेषेतल्या ४-४-२ मध्ये मधले दोन्ही हाफ एकदम पुढं गेले की मध्ये मैदानच उघडं पडतं. आपल्याकडच्या, आठवड्यात दोन-तीनदाच सराव करणाऱ्या संघाला मी ४-२-३-१ सांगेन. त्यातले दोन हाफ मुळातच मागं असतात, वेगळं काही शिकवावं लागत नाही.

२०१३ पासून बायर्न म्युनिकमध्ये प्रशिक्षक गार्डिओलानं लाम आणि अलाबा या बॅकना कडेवरून आत, हाफच्या शेजारी आणलं. बॉल मध्येच गेला तर तिथं आपली माणसं आधीपासून हजर असावीत, हा त्यातला एक मोठा फायदा.

बॉल कुठं गमवायचा तेही ठरवा. कडेला गेला तर टचलाइन आपल्या मदतीला असते. मध्ये आडवा पास देताना गेला तर समोर सरळ आपला गोल. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात ही चूक दुप्पट महाग पडते, कारण आडवा पास चिखलात अर्ध्यातच थांबतो आणि दोन्ही हाफ बघत राहतात. अशा दिवशी मध्यभागी आडवा पास बंद.

बॉल गेल्यावरची पाच सेकंदं. सर्वांत जवळच्यानं बॉलवाल्यावर धावायचं, पण पाय घालायचा नाही. त्याला मान वर करून पुढं बघू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. बाकीच्यांनी जवळचे पास बंद करायचे. तरीही तो सुटला तर सगळ्यांनी आपल्या गोलकडं पळायचं. बॉलच्या मागं पळू नये.

कॉर्नर आपला असताना सर्वांत जास्त सावध राहा. २ जुलै २०१८, विश्वचषक, रोस्तोव्ह. जपान २-० नं पुढं होता, बेल्जियमनं २-२ केलं. भरपाईच्या वेळेत जपानला कॉर्नर मिळाला. होंडाचा बॉल बेल्जियमचा गोली कोर्त्वानं पकडला आणि लगेच आपल्या डी ब्रॉयनेकडं सरपटत सोडला. तो मैदानाच्या मधून सुसाट निघाला, उजवीकडं मुनियेला दिला, मुनियेनं आत टाकला, लुकाकूनं पायातून सोडून दिला आणि मागून आलेल्या शाडलीनं गोल केला. जपान बाहेर.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पोरांनी अगदी असाच गोल खाल्ला. शेवटची पाच मिनिटं होती, मीच ओरडून एका स्टॉपरला वर पाठवलं होतं. तेव्हापासून आमचा कॉर्नर असा असतो: डीच्या (पेनल्टी बॉक्सच्या) कडेला दोघे, मागं तिघे. गोलीला बॉल सोडताना अडवलं तर इनडायरेक्ट फ्री किक बसते, म्हणून त्याच्या अंगावर जायचं नाही. तो ज्याला बॉल देणार त्याच्याजवळ आमचा एक आधीच उभा असतो. त्यांचा फॉरवर्ड मैदानाच्या स्वतःच्या अर्ध्यात असेल तर त्याला ऑफसाइड लागत नाही. म्हणून तिघांपैकी दोघे मध्यरेषेजवळ त्याला चिकटून राहतात आणि तिसरा आठ-दहा पावलं मागं.

आपण पुढं असलो तर बॉल त्यांना द्या. बचावाची लाइन आपल्या गोलकडं मागं आणा, पाठीमागची जागा कमी करा. धावायला जागाच नसली की असे संघ बरेचदा अडखळतात.

मॅचच्या आदल्या दिवशी अर्ध्या मैदानावर सहाविरुद्ध चार खेळवा आणि हल्ला रंगात आला की शिट्टी मारा. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मग सर्वांत मागच्या पोरानं मागं कोण कोण आहे ते मोठ्यानं नावं घेऊन मोजायचं. मागं ठरलेली माणसं भरली नाहीत तर कोण परत यायला हवा होता, हे त्यालाच सांगायला लावा.