तलाठ्याने घेतलेले जादा पैसे रीतसर होते का? असं तपासा

वारस नोंद किंवा उताऱ्यासाठी तलाठ्याने ‘किरकोळ खर्च’ म्हणून शे-दोनशे घेतले, पावती नाही. विचारलं तर “सगळेच देतात.”

१. आधी पावती मागा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो, एवढं सांगितलं तरी कधीकधी सूर बदलतो.

२. नाहीच दिली, तर तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मागायचं दोनच: त्या कामाचं शुल्क ठरवणाऱ्या आदेशाची प्रत आणि त्या तारखेच्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती (कार्यालयात राहणाऱ्या प्रती). मुदत ३० दिवस.

‘पैसे का घेतले?’ असं मात्र लिहू नका. माहिती अधिकारात खुलासा नव्हे, कागद मिळतो.

पैसे अजून दिलेच नसतील तर अर्ज राहू द्या, सरळ लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर लावा.