छोट्या जागेत रीलोडिंग बेंच: या चुका टाळा

घरी काडतुसं भरायला बेसमेंट नाहीतर मोठं गॅरेज लागतं, असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही. वॉक-इन क्लोझेटमध्ये बसून सुरेख काडतुसं भरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि तीन गाड्यांच्या गॅरेजमध्ये धोकादायक पसारा मांडलेलीही पाहिली आहेत. अडचण अशी की जागा लहान असली की एकाच टेबलावर तीन कामं होऊ लागतात. नेमबाजीच्या रेंजवर भेटणाऱ्या नवख्या मंडळींच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आधी कायद्याचं. हे लिखाण अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. त्यामुळे तिकडच्या भावंडांना हे दाखवून ‘तुम्हीही करा’ असं सांगू नका. आणि भाड्याच्या घरात असाल तर लीज नीट वाचा, शहराचे अग्निनियम बघा.

टेबलावर दोन पावडरी

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. आमच्या रेंजवर येणाऱ्या एका मराठी मुलाने अपार्टमेंटमधल्या क्लोझेटमध्ये छान बेंच उभारला होता. रायफल आणि पिस्तूल दोन्हींसाठी तो स्वतः काडतुसं भरायचा. फळी अरुंद, म्हणून टायटग्रुप ही पिस्तुलाची पावडर (काडतुसातली दारू) आणि एच ४३५० ही रायफलची, असे दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवलेले. एका रात्री पिस्तुलाचं काम संपवून त्याने हॉपरमध्ये (माप टाकणाऱ्या यंत्राच्या भांड्यात) उरलेली टायटग्रुप डब्यात परत ओतली, ती एच ४३५० च्या डब्यात. ओतताना त्याच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वेळी रायफलच्या केस (काडतुसाची पितळी कवचं) भरताना काड्यांसारख्या लांबट दाण्यांमध्ये बारीक चपटे दाणे दिसले, तेव्हा तो थांबला आणि त्याने मला फोन केला. “काका, चाळणीने वेगळे करता येतील का?”

मी सांगितलं, “अजिबात नाही. डब्यावर आत्ताच्या आत्ता ‘खराब’ लिही आणि तो बेंचवरून हलव.” टायटग्रुप फार वेगाने जळते, एच ४३५० सावकाश जळते. सावकाश जळणाऱ्या पावडरीच्या मापाने रायफलच्या केसमध्ये टायटग्रुप भरली गेली, तर रायफल फुटते आणि तिच्यामागे तुमचा चेहरा असतो. त्याने डब्यातल्या पावडरीची विल्हेवाट अग्निशमन विभागाला विचारून लावली आणि त्या बैठकीत भरलेलं प्रत्येक काडतूस उघडलं. पैसे गेल्याची हळहळ त्याला वाटत होती. मला मात्र तो दाणे बघून थांबला याचंच मोल वाटतं. घाईत असलेला माणूस थांबत नाही.

माझी सवय साधी आहे. बेंचवर एका वेळी एकच डबा, बाकीचे दुसऱ्या कपाटात, शक्यतो दुसऱ्या खोलीत. उघडलेला डबा हॉपरच्या शेजारीच उभा राहतो, लेबल माझ्याकडे. काम संपलं की उरलेली पावडर त्याच डब्यात, त्याच बैठकीत. हॉपरमध्ये रात्रभर काहीही ठेवत नाही. एक तर सकाळी आत काय आहे याची खात्री राहत नाही आणि दुसरं म्हणजे काही पावडरींमुळे हॉपरचं प्लास्टिक पिवळं पडून खराब होतं. नावंही नीट वाचा. आयएमआर ४३५० आणि एच ४३५० या वेगळ्या पावडरी आहेत. नुसता आकडा बघून एकीचं माप दुसरीला लावू नका.

दुप्पट माप

.३८ स्पेशल हे १८९८ चं रिव्हॉल्वरचं काडतूस. ते काळ्या दारूच्या काळातल्या काडतुसावरून आलं, म्हणून केस मोठी आहे. आजची वेगवान पावडर त्यात इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी वर ओसंडत नाही. म्हणून दिवा. छताच्या एका बल्बवर काम करू नका, तुमचीच सावली केसमध्ये पडते. फळीच्या खालच्या कडेला एलईडी पट्टी लावा. मी पन्नास केस लोडिंग ब्लॉकमध्ये (भोकांच्या ठोकळ्यात) उभ्या करतो, सगळ्यांत पावडर भरतो आणि टॉर्च घेऊन एकेका केसमध्ये डोकावतो, मगच बुलेट, म्हणजे पुढची गोळी, बसवतो. रिकामी केसही यातच सापडते. ती राहून गेली तर बुलेट बंदुकीच्या नळीत अडकते आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते.

नवखी मुलं पहिल्याच दिवशी प्रोग्रेसिव्ह प्रेसची (एका ओढीत अनेक पायऱ्या करणाऱ्या भरण्याच्या यंत्राची) चौकशी करतात, तासाला किती काडतुसं निघतात ते विचारतात. सुरुवात एका वेळी एकच पायरी करणाऱ्या सिंगल स्टेज प्रेसवर करा. तिथे प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर होते आणि लहान जागेत ती मावतेही. वेगाची ज्याला घाई आहे त्याने कारखान्याची काडतुसं विकत घ्यावीत, हे मी मनापासून सांगतो.

गालिच्याच्या बेडरूममध्ये बेंच

दुसरी खोली नाही म्हणून बेडरूम, हे फार दिसतं. घरात रांगणारं बाळ असेल तर हे करूच नका. नेहमीच्या प्रायमरमध्ये (केसच्या बुडातली, पावडर पेटवणारी छोटी टोपी) शिशाचं संयुग असतं. झाडलेल्या केसमध्ये त्याची राख राहते आणि कोरड्या टम्बलरच्या (केस घासून साफ करणाऱ्या यंत्राच्या) भुश्यात ती साठत जाते. तो भुसा चाळताना उडणारी धूळ गालिच्यात बसते आणि साध्या व्हॅक्यूमने पुन्हा हवेत येते. मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये दखल घेण्याची पातळी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. मुलांसाठी सुरक्षित अशी कुठलीच पातळी सापडलेली नाही. खेळणी, बोटं, तोंड हा प्रवास किती पटकन होतो हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.

त्यामुळे जमीन फरशीची किंवा व्हायनिलची हवी, ओल्या फडक्याने पुसता येईल अशी. टम्बलर बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये. मी स्वतः ओल्या टम्बलरकडे वळलो आहे, धूळच होत नाही. त्याचं गढूळ पाणीही शिशाचंच, ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचं नाही. बेंचवर चहाचा कप नाही, चिवड्याची वाटी नाही. उठलं की आधी साबणाने हात धुवायचे, मग मुलांना उचलायचं. स्वयंपाकाच्या ओट्यावर काडतुसं भरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, तिथे जेवत नाही.

पावडर तिजोरीत

बंदुकीच्या जाड लोखंडी तिजोरीत पावडर ठेवणं सुरक्षित वाटतं. ते उलट आहे. मोकळ्यावर ही पावडर भडकून जळते, बंद लोखंडात जळाली तर दाब साठून तिजोरीच फुटते. कारखान्याचा डबा मुद्दाम कमी दाबाला उघडेल असा असतो, पावडर त्यातच राहू द्या. एनएफपीए ४९५ या अमेरिकी अग्निसुरक्षा संहितेत घरासाठी मर्यादा २० पौंड आहे. त्याहून जास्त, ५० पौंडांपर्यंत ठेवायची तर एक इंच जाड लाकडाची पेटी लागते. प्रायमर १०,००० पर्यंत. शहराचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा. अपार्टमेंटमध्ये तर या आकड्यांच्या जवळही जायची गरज नाही, एखाद-दोन डबे पुरतात. वॉटर हीटरची खोली आणि उन्हाळ्यात तापणारं गॅरेज दोन्ही टाळा. डब्यातून आंबूस वास आला किंवा तांबूस वाफ दिसली तर ती पावडर बिघडली आहे.

प्रायमर काचेच्या बरणीत सुटे ओतणाऱ्यांना मी हात जोडतो. एक उडाला तर सगळे उडतात. मूळ खोक्यातच ठेवा.

बाकीचं थोडक्यात. पावडर मोजायचा वजनकाटा एसीच्या झोतात किंवा पंख्याखाली ठेवू नका. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, मग दशांश ग्रेनला झुळूकही पुरते. प्रत्येक बैठकीआधी चेक वेटने (नेमकं माहीत असलेल्या वजनाने) काटा तपासा. सांडलेली पावडर ब्रशने सुपलीत घ्या, व्हॅक्यूमने नाही. फोन दुसऱ्या खोलीत.

प्रेस डगमगते ही तक्रार मात्र रोजची. भाड्याच्या घरात भिंतीत बोल्ट मारता येत नाही, म्हणून लोक आयकियाच्या हलक्या टेबलाला क्लॅम्प लावतात. रायफलची केस रिसाइझ करताना, म्हणजे दाबून पुन्हा मापात आणताना, टेबलच उचललं जातं. वर्कमेट, म्हणजे घडीचं कामाचं टेबल, घ्या, वर जाड प्लायवूड बोल्टने बसवा आणि बुलेटची खोकी खालच्या दांड्यांवर फळी टाकून तिच्यावर रचा. शिशाचं वजन तुमच्याकडे आहेच, तेच बेंच धरून ठेवतं. स्वतःचं घर असेल तर भिंतीतले लाकडी स्टड शोधा, बहुतेक १६ इंचांवर असतात. बेंच त्यांनाच स्क्रूने पकडा. नुसत्या ड्रायवॉलमधला अँकर पहिल्या आठवड्यातच बाहेर येतो.