चाचणी-अहवालाच्या क्षेत्रातील संशोधकाची सायटेशन्स कशी मोजावीत

क्लिनिकल ट्रायलचा अहवाल कसा लिहावा, यावर काम करणाऱ्या संशोधकाच्या नावापुढे कधीकधी हजारोंनी सायटेशन्स (इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले संदर्भ) दिसतात. निवड समितीत बसलेल्याने तो आकडा तसाच उचलू नये. या क्षेत्रात मार्गदर्शक तत्त्वांचा एखादा निबंध बाकी सगळ्या कामाला झाकून टाकतो.

सुरुवात नावापासून करा. ऑर्किडचा, म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळखीचा, 16 अंकी क्रमांक मिळाला तर उत्तम. नसेल तर ‘पाटील एस.’ किंवा ‘जोशी ए.’ एवढ्यावर शोधू नका. एकाच यादीत चारपाच माणसे मिसळतील. आपल्याकडे वडिलांच्या नावाचे अक्षर कधी लागते, कधी गळते, आणि लग्नानंतर आडनाव बदलते. त्यामुळे प्रत्येक रूप वेगळे शोधून संस्था आणि सहलेखक जुळवा. मोठ्या गटाच्या निबंधात पबमेड ही वैद्यकीय निबंधांची सूची सहयोगींची नावे वेगळी देते. ती माणसे लेखक नव्हेत, म्हणून तो निबंध त्यांच्या खात्यात धरू नका.

आता यादीचे तीन गठ्ठे करा: मार्गदर्शक तत्त्वे आणि त्यांची स्पष्टीकरणे, अहवालांच्या दर्जाचा अभ्यास, आणि प्रत्यक्ष चाचण्या व आढावे. तिन्ही गठ्ठ्यांची बेरीज एकत्र केली की चित्र बिघडते.

पहिल्या गठ्ठ्यात सर्वाधिक चुका होतात. कॉन्सॉर्ट, म्हणजे यादृच्छिक चाचण्यांचा अहवाल कसा लिहावा याचे निवेदन, 1996 मध्ये आले, 2001 व 2010 मध्ये सुधारले आणि 2025 मध्ये 30 मुद्द्यांचे झाले. 2010 ची आवृत्ती, जिच्यात 25 मुद्दे होते, बीएमजे, प्लॉस मेडिसिन, ट्रायल्स, बीएमसी मेडिसिन अशा अनेक नियतकालिकांनी छापली. म्हणजे निवेदन एक आणि नोंदी अनेक. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सायटेशन्सच्या डेटाबेसमध्ये त्या सुट्या राहतात. गुगल स्कॉलर काही एकत्र करते, काही करत नाही. समजा एच-इंडेक्स 30 आहे आणि त्या 30 निबंधांत एकाच निवेदनाच्या 6 प्रती आहेत. पाच प्रती काढल्यावर आकडा 25 ते 30 च्या दरम्यान कुठेतरी येईल. नेमका कुठे, ते खालच्या निबंधांच्या सायटेशन्सवर ठरते, म्हणून यादी उतरत्या क्रमाने लावून पुन्हा मोजा: ज्या शेवटच्या क्रमांकाशी सायटेशन्स किमान तेवढीच आहेत, तो एच-इंडेक्स.

शिवाय ही सायटेशन्स कशी मिळतात तेही पाहा. नियतकालिक चेकलिस्ट मागते, लेखक ‘कॉन्सॉर्टनुसार अहवाल लिहिला’ असे एक वाक्य टाकतो आणि संदर्भ जोडतो. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे भरती करणाऱ्यांपासून कसे लपवले, ते मात्र लिहिलेलेच नसते. सायटेशन म्हणजे पालन नव्हे. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात कॉन्सॉर्टला पाठिंबा देणाऱ्या नियतकालिकांत 27 पैकी 25 निकषांवर अहवाल अधिक पूर्ण दिसले, पण ठोस फरक थोड्याच निकषांवर होता.

म्हणून दुसरा गठ्ठा सर्वात बारकाईने वाचा. किती चाचण्या तपासल्या, दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे माहिती काढली का, सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीसारख्या ठिकाणचे मूळ निष्पत्ती-निकष (चाचणीचा परिणाम कशावर मोजायचा ते) आणि छापील निकष पडताळले का? इथे 40 सायटेशन्स मिळालेला निबंध पहिल्या गठ्ठ्यातल्या 4,000 सायटेशन्सपेक्षा संशोधकाची कुवत जास्त सांगू शकतो. आमच्या मते निर्णय याच गठ्ठ्यावर व्हावा.

तुलना करायची तर निबंधांचे वय आणि विषय सारखे धरा. पबमेडमधल्या निबंधांसाठी आयसाइट हे मोफत साधन आहे. त्यातला सापेक्ष सायटेशन-गुणोत्तराचा 1.0 हा आकडा म्हणजे त्याच क्षेत्रातल्या, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने निधी दिलेल्या निबंधांचा मध्यक. ताज्या निबंधांचे गुणोत्तर अजून स्थिरावलेले नसते, त्यावर विसंबू नका. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्याच्या निबंधांना मिळणाऱ्या सायटेशन्सची सरासरी, कुणा एका निबंधाचा दर्जा म्हणून वापरू नका.

टिपणात प्रत्येक आकड्याशेजारी डेटाबेसचे नाव आणि शोधाची तारीख लिहा, स्वतःच्याच निबंधांनी दिलेली सायटेशन्स वेगळी दाखवा आणि काढलेल्या प्रतींची यादी सोबत जोडा. सहा महिन्यांनी दुसऱ्याने मोजले तर आकडा का बदलला, हे त्याला त्यावरूनच कळेल.