आरआर लायरीचा ग्राफ वर सपाट येत होता, तो असा सुटला

अकरावीच्या पोरांकडून आरआर लायरी या तेज बदलणाऱ्या ताऱ्याचा उजेड मोजून घेतोय, हवाईतल्या हालेआकाला डोंगरावरच्या रिमोट दुर्बिणीने, तिकडे रात्र तेव्हा इकडे दुपार म्हणून लॅबमध्ये बसूनच काम होतं. तारा १३ तास ३६ मिनिटांच्या चक्रात साधारण ७.१ ते ८.१ प्रतीत (तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा उजळ) खालीवर होतो, झपकन चढतो, रमतगमत उतरतो. आमच्या ग्राफला मात्र शेंडाच नाही, वर इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. एक पोरगी म्हणाली, सर ब्लाझ्को इफेक्ट असेल, शेंडा साधारण ४० दिवसांच्या चक्रात कमीजास्त होतो ना. वाचून आली होती, भारी वाटलं, पण ब्लाझ्को शेंडा बुटका करेल, असा कापून नाही टाकणार.

मग ग्राफ सोडून मूळ फिट्स फाइल, म्हणजे दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचा कच्चा फोटो, उघडली आणि ताऱ्यावर कर्सर नेला तर मधले पिक्सेल सगळे ६५५३५! १६ बिटमध्ये यापेक्षा मोठा आकडा मावतच नाही, हद्द संपली, वरचा उजेड मोजलाच जात नव्हता.

एक्स्पोजर एवढं कमी केलं की सगळ्यात उजळ पिक्सेल ३०,००० च्या आसपास राहील, पण इतक्या छोट्या एक्स्पोजरमध्ये हवेचं लुकलुकणं त्रास देतं, म्हणून फोकस किंचित बिघडवला, म्हणजे उजेड जास्त पिक्सेलवर पसरतो, अॅपर्चर (ताऱ्याभोवतीचं ज्या वर्तुळातला उजेड मोजतो ते) वाढवलं आणि बऱ्याच फ्रेम्सची सरासरी घेतली. तुलनेला एएव्हीएसओ या तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेच्या चार्टवरचे दोन तारे घेतले, त्या दोघांतला फरक स्थिर राहतोय ना हे आधी बघायचं, नाहीतर सगळंच फुकट.

शेंडा आला. आता त्या पोरीला ब्लाझ्कोसाठी दोन महिने निरीक्षणं हवीयत, दुर्बिणीचा वेळ मिळतो का बघतोय.