दिव्यांग मजुराची कमाई कुठून काढायची

जनगणना २०११ मध्ये दिव्यांगांपैकी कामकरी किती ते कळतं. मजुरी कळत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची दिव्यांगांवरची ७६ वी फेरी (जुलै ते डिसेंबर २०१८) पार्श्वभूमीपुरती ठेवा.

मी यवतमाळकडच्या खेड्यांत फिरतो. ग्रामपंचायत स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखते; आधी तिच्याकडून या निधीच्या लाभार्थ्यांची यादी मागायची. त्यातली नावं रोजगार हमीच्या जॉबकार्डाशी जुळवायची आणि मस्टरवरचे (हजेरीपटावरचे) दिवस न् रक्कम उतरवायची. हा आकडा पक्का, पण वर्षाच्या कमाईचा एक तुकडाच.

उत्पन्नाच्या दाखल्यावर विसंबू नका. निराधार योजनेला उत्पन्नाची मर्यादा असते, म्हणून दाखला मर्यादेच्या आतच बसतो! योजनेचं अनुदान मजुरीत धरायचं नाही. वेगळा रकाना करा.

खरी मेहनत कापूस वेचणीत. मजुरी किलोवर, त्यामुळे "रोज किती?" विचारून काही हाती लागत नाही. वजन मांडणाऱ्याची वही पाहायची. पायानं अधू बाई बसून सरकत वेचते, तिचे किलो कमी. कधी तिचं वजन जावेच्या नावावरच चढतं. म्हणून दोघींना एकत्र बसवून विचारा, आणि सासूसमोर नको.